नवरात्राआधीचे आठ आठवडे

नागपंचमी आणि घटस्थापना यांच्यामध्ये साधारण आठ आठवडे असतात. नागपंचमीला मराठवाड्यातल्या गावागावांत झोके बांधले जातात, फुगड्या रंगतात. घटस्थापनेपासून नऊ रात्री मैदानांवर दांडिया सुरू होतो. मधल्या दोन महिन्यांत मात्र शरीराकडून त्यासाठीची काहीच तयारी करून घेतली जात नाही. घटस्थापना दोन दिवसांवर आली, की कुणी शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचे पैसे भरतो, कुणी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहतो आणि पहिल्याच रात्री सलग दोन-तीन तास नाचतो. विशीत हे खपून जाते. चाळिशी-पन्नाशीत, त्यातही रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर, हे असे शिकणे महागात पडू शकते.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला हा विषय अगदी लागू पडतो. येथे २००१ साली स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, त्यामागोमाग इतर कारखाने आले, पुढे ऑरिकची आखीव वसाहत उभी राहिली. कारखानदारीच्या त्या पहिल्या वर्षांत बाविशी-पंचविशीत कामाला लागलेली पिढी आता पंचेचाळिशी ओलांडून गेली आहे. साखर आणि रक्तदाब पहिल्यांदा वाढलेला सापडतो, तो याच वयात. शिवाय गाव सोडून आलेली अनेक कुटुंबे आहेत. शेजारी कोण राहते हे ठाऊक असते, पण संध्याकाळी एकत्र येण्याचे निमित्त नसते. अशा वसाहतीत जोडीने नाचायला शिकणे हा आरोग्याचा उत्तम उपाय ठरू शकतो. मात्र तो कसा शिकायचा, याची निवड नीट व्हायला हवी.

फुगडी हीही जोडीच

‘जोडीचा नाच’ म्हटले की डोळ्यांसमोर सालसा नाहीतर सिनेमातला बॉलरूम येतो, आणि ‘ते आपले काम नाही’ म्हणून विषय संपतो. पण फुगडी हा जोडीचाच नाच आहे. एकीने दुसरीचे हात धरल्याशिवाय ती होत नाही. मंगळागौरीला बायका बायकांबरोबर फुगडी घालतात, आणि वारीत पुरुष वारकरी पुरुषांबरोबर. पन्नाशी-साठीचे वारकरी दिवसभर चालून आल्यावरही पावली आणि फुगडी खेळताना दिसतात. दांडियात समोरचा जोडीदार दर काही ठेक्यांनी बदलतो. गोव्याच्या मांडोत स्त्रिया आणि पुरुष समोरासमोरच्या रांगांत, हातात पंखे आणि रुमाल घेऊन नाचतात. तेव्हा जोडीच्या नाचासाठी नवरा-बायकोच हवेत, तरुणच हवेत किंवा स्त्री-पुरुषच हवेत, असे काही नाही. वहिनी-नणंद, दोन शेजारणी, एकाच पाळीतले दोन मित्र, आई आणि मुलगा, कुणीही चालेल.

फायदा किती खरा?

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. पुरेशी हालचाल म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, किंवा ७५ मिनिटांचा जोमदार व्यायाम. ‘आम्ही दिवसभर उभेच असतो, आणखी व्यायाम कशाला?’ असे लाइनवर काम करणारे अनेक जण म्हणतात. आठ तास एकाच जागी उभे राहून तीच हालचाल करण्याने पाय दुखतात, कंबर धरते. पण हृदयाला हवा तसा चढ-उतार असलेला व्यायाम त्यातून होत नाही.

नाचातून तो होतो का, हे इटलीत तपासले गेले. रोमुआल्दो बेलार्दिनेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची ताकद कमी झालेल्या १३० रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाने नेहमीचा व्यायाम केला, दुसऱ्याने आठवड्यातून तीनदा वॉल्ट्झ केला, तिसऱ्याने यातले काहीच केले नाही. आठ आठवड्यांनी वॉल्ट्झ करणाऱ्यांची दमश्वासाची क्षमता व्यायाम करणाऱ्यांइतकीच सुधारलेली होती. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते आणि प्रत्येक वेळी नाचत होते सुमारे वीस मिनिटे, हे मात्र विसरू नये.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा काही वर्षे पाठपुरावा झाला. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या शारीरिक छंदांची नोंद झाली होती, त्यांपैकी फक्त नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. यावरून ‘नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो’ असे म्हणता येत नाही. ज्यांची प्रकृती मुळात चांगली, तेच नाचत राहिले असतील, हीही शक्यता आहे. पण पावले लक्षात ठेवणे, ठेका पकडणे आणि समोरच्याच्या हालचालीला क्षणात उत्तर देणे, ही तीन कामे मेंदूला एकाच वेळी करावी लागतात, हे खरे.

जोडीदाराने नेमके काय मिळते? पार्किन्सनच्या ३९ रुग्णांवर मॅडेलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी केलेला २०१० सालचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. एका गटाला टँगो जोडीने शिकवला, दुसऱ्याला तोच जोडीदाराविना. तोल आणि चाल दोन्ही गटांत सारखीच सुधारली. फरक पडला तो आवडीत. जोडीने शिकणाऱ्यांना मजा अधिक आली आणि पुढेही शिकत राहण्याची इच्छा त्यांनी अधिक दाखवली. व्यायामाचे घोडे अडते ते नेमके इथेच. पहिला आठवडा सगळेच जातात. सहाव्या आठवड्यात कोण येते, हा प्रश्न असतो. समोरचा वाट पाहत असेल, तर पाय आपोआप निघतात.

व्हिडिओ, वर्कशॉप की वर्ग?

नवशिक्यापुढे साधारण चार वाटा असतात. मोबाइलवरचे व्हिडिओ, दोन दिवसांचे वर्कशॉप, शहरातला नियमित वर्ग, किंवा वसाहतीतल्याच जाणत्या माणसांकडून शिकणे.

व्हिडिओ फुकट असतो आणि घरी कुणी हसत नाही. पण तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो ज्याला थोडे येते त्याला. लंडनमध्ये २००५ साली बॅले करणारे आणि कापोएरा करणारे नर्तक यांना दोन्ही नाचांची चित्रफीत दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले गेले. ज्याने जो नाच स्वतः शिकला होता, तो पाहताना त्याच्या मेंदूतले हालचालीशी निगडित भाग अधिक जागे झाले. ज्याला पाऊल ठाऊकच नाही, त्याच्यासाठी व्हिडिओ बराचसा नुसता देखावा राहतो. शिवाय पडद्यावरचा शिक्षक तुमचा गुडघा आत वळतो आहे, हे सांगू शकत नाही. वर्गात शिकलेले घरी आठवण्यासाठी व्हिडिओ जरूर पाहावा; सुरुवात त्यावर करू नये.

वर्कशॉपचे आकर्षण वेगळे असते. दोन दिवसांत सगळे येते, असे वाटते. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९७०च्या दशकात पोस्टमनना नवा कळफलक शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट केले. कुणाला रोज एक तास, कुणाला रोज दोनदा दोन-दोन तास. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले. गंमत अशी, की सर्वांत कमी समाधानी तेच होते. कारण दिवस जास्त लागल्याने ‘आपण मागे आहोत’ असे त्यांना वाटत राहिले. नाच शिकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. दोन दिवसांत बारा तासांपेक्षा सहा आठवडे आठवड्याला दोन तास अधिक पक्के बसतात, जरी रोज प्रगती दिसली नाही तरी. हाताने शिकलेले कौशल्य झोपेत पक्के होते, हेही आता सिद्ध झालेले आहे. म्हणून रात्रपाळी संपवून, झोप न घेता थेट वर्गात जाणे हे शिकण्याच्या दृष्टीने वाया जाते आणि पाय घसरण्याच्या दृष्टीने धोक्याचे असते.

शहरातला नियमित वर्ग चांगला, पण शेंद्र्याहून शहर बरेच किलोमीटर दूर आहे. जालना रस्त्याची संध्याकाळची वाहतूक धरली तर एका तासाच्या वर्गासाठी दोन-अडीच तास मोडतात. पाळी बदलली की वर्ग चुकतो, दोनदा चुकला की सुटतो. स्त्रियांच्या बाबतीत परतीच्या प्रवासाची काळजी वेगळीच. शिक्षक कितीही नामवंत असला, तरी ज्या वर्गाला आठवड्यातून दोनदा जाणे जमणार नाही, तो नवशिक्यासाठी चुकीचा वर्ग आहे.

उरते चौथी वाट, आणि अनेकांसाठी तीच योग्य आहे. प्रत्येक वसाहतीत फुगडी आणि झिम्मा उत्तम येणारी एखादी मावशी असते, पावली येणारे काका असतात, दांडिया शिकलेली एखादी मुलगी असते. सोसायटीच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा तासभर त्यांनी शिकवावे. पहिल्या एक-दोन वेळा कसलेल्या शिक्षकाला बोलावून पावले तपासून घ्यावीत. असा गट निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. शिकवणारा आधी पाऊल सावकाश, संगीताविना करून दाखवतो का? जोडीदार बदलत राहतात का? गुडघा, पाठ, श्वास यांची चौकशी होते का? आणि मधे थांबलेल्याला कुणी हसत तर नाही ना? जोडीदार बदलण्यामागे कारण आहे. एकाच माणसाबरोबर शिकले, तर त्याच्या चुकांशी जुळवून घ्यायला शिकतो आपण, नाच नव्हे.

कोणता नाच कुणासाठी?

फुगडी सोपी वाटते, पण तिच्यात बल मोठे असते. समजा, ५५ किलोच्या दोघी फुगडी घालत आहेत आणि प्रत्येकीचा गुरुत्वमध्य फेरीच्या केंद्रापासून अर्धा मीटर दूर आहे. दोन सेकंदांत एक फेरी होत असेल, तर प्रत्येकीला आत खेचायला सुमारे २८ किलो वजनाइतके बल लागते. दीड सेकंदात एक फेरी झाली, की ते सुमारे ४९ किलोपर्यंत जाते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट. हे बल मुख्यतः चार हातांच्या पकडीतून येते. घामाने पकड सुटली, की दोघीही मागच्या बाजूला पडतात आणि टेकलेल्या हाताचे मनगट मोडते, किंवा डोके आपटते. म्हणून अंगठ्या, काचेच्या बांगड्या काढून, हात पुसून, मोकळ्या जागेत आणि सावकाश सुरुवात करावी. थांबतानाही वेग हळूहळू कमी करावा. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे, मान किंवा मणक्याचे दुखणे आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी वेगाची फुगडी टाळावी.

दांडियात वेग आपल्या हातात ठेवता येतो. गुडघे दुखत असतील तर खाली बसून मारायच्या गिरक्या वगळाव्यात. टिपऱ्यांची टोके गुळगुळीत असावीत. डोळ्याला लागलेली टिपरी हा किरकोळ अपघात नसतो. वॉल्ट्झसारखा संथ नाच वयस्कांना मानवतो. सालसाची लय जलद असते, म्हणून तो तोल आणि दम थोडा तयार झाल्यावर घ्यावा. जोडीदाराचा हात धरण्याच्या नाचात पकड हलकी ठेवावी. बोटाच्या टोकाने १०० ग्रॅम वजनापेक्षाही कमी दाबाने एखाद्या स्थिर वस्तूला स्पर्श केला, तरी उभ्या माणसाचे डुलणे कमी होते, हे १९९४ मध्येच प्रयोगाने दिसून आले आहे. तोलासाठी हलका स्पर्श पुरतो; आवळून धरल्याने फक्त जोडीदाराचा खांदा ओढला जातो.

जमिनीवर आणि पायातल्या बुटांवरही बरेच अवलंबून असते. खडबडीत सिमेंटवर धावण्याचे, घट्ट पकडीचे बूट घालून गिरकी घेतली, तर पाऊल जागच्या जागी राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. गुडघ्याची गादी आणि स्नायुबंध दुखावतात ते असेच. तळ फार न अडकणारे, पण टाच नीट धरणारे बूट घालावेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी नाचू नये आणि घरी गेल्यावर तळवे तपासावेत.

उपवास, गोळ्या आणि नाच

नवरात्रातला सर्वांत दुर्लक्षित धोका हा आहे. दिवसभर उपवास, सकाळी घेतलेली मधुमेहाची गोळी आणि रात्री दोन तास नाच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे असतात, आणि नाचताना घाम येणारच म्हणून ती ओळखली जात नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर कडक उपवास केल्यास शरीरातले पाणी कमी होणे आणि रक्तात आम्ल वाढणे, हे दोन्ही धोके असतात. नवरात्राआधीच डॉक्टरांकडून गोळ्यांचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. मनाने गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे. नाचण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर काही खाऊनच सुरुवात करावी आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

२०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या अनेक बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारने आयोजनस्थळी रुग्णवाहिकांची तजवीज करायला सांगितले. त्यामुळे नाच धोकादायक ठरत नाही. पण सवय नसताना एकदम जोराचे श्रम केले, तर आधीपासून अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या दगा देऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे, चालताना छातीत दडपते किंवा चक्कर येते, रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. ‘ईसीजी नॉर्मल आला’ म्हणजे सगळी हमी मिळाली, असे नसते. लक्षणे सांगणे त्याहून महत्त्वाचे. नाचताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम असे काही झाले तर लगेच थांबून १०८ ला फोन करावा. मधुमेह्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणे किंवा एकाएकी गळून जाणे, एवढेच लक्षण असू शकते. कुणी कोसळून प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब देणे रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे फक्त पाऊल आणि टाळी, जोडीदाराविना, वीस मिनिटे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोडीदार, पण संथ लयीत. पाचव्या-सहाव्यात जोडीदार बदलणे आणि दिशा बदलणे. सातव्या-आठव्यात सलग अर्धा तास, मधे पाण्यासाठी थांबून. नाचताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढाच दम लागू द्यावा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या तर चालेल; सांधा सुजला तर आठवडाभर विश्रांती.

हात धरण्याआधी विचारावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. शिकवणाऱ्यालाही हा नियम लागू. ज्या गटात स्त्रियांना हे मोकळेपणाने म्हणता येते, तिथेच त्या टिकतात. आणि हालचालीची कमतरता त्यांच्यातच अधिक आहे, हे वर दिलेले आकडे सांगतात.

शेंद्र्यातल्या कंपन्या वार्षिक आरोग्य तपासणीवर खर्च करतात. अहवालात साखर, चरबी वाढलेली दिसते, ‘व्यायाम करा’ असा शेरा लिहिला जातो आणि फाइल बंद होते. त्याऐवजी एक सभागृह आठवड्यातून दोन दिवस, सकाळ आणि संध्याकाळ एक-एक तास खुले करावे. दोन्ही वेळा तोच धडा घ्यावा, म्हणजे पाळी बदलली तरी कुणाचा वर्ग चुकणार नाही. कुटुंबीयांना प्रवेश द्यावा आणि शेवटच्या वर्गानंतर घरी सोडण्याची बस ठेवावी. औद्योगिक संघटना आणि सोसायट्यांनी पुढाकार घेतला, तर हे काम एका वार्षिक तपासणी शिबिराहून कमी खर्चात होण्यासारखे आहे. नागपंचमीच्या आठवड्यात पहिला वर्ग भरला, तर घटस्थापनेला मैदानात उतरणारे पाय तयार असतील. आणि दसऱ्यानंतरही तो वर्ग बंद न करणे, ही त्यापुढची आणि अधिक महत्त्वाची पायरी आहे.